विगाराची नक्कल आणि घांट्याची नक्कल

माझ्या नणंदेचा आक्षेप सरळ आहे. ज्या तोंडानं सकाळी चर्चमधल्या मिस्सेत कम्युनियन घेतलं, त्याच तोंडानं संध्याकाळी तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, विगाराच्या (चर्चच्या मुख्य पाद्रीच्या) नकलेवर खदाखदा हसायचं, हे तिला पटत नाही. एका प्रार्थनागटात जायला लागल्यापासून तिनं तियात्र सोडलं. सासूचं बरोबर उलटं. ती मूळची गोव्यातल्या बार्देसची, आयुष्य गेलं मुंबईत; संध्याकाळची रोझरीची प्रार्थना कधी चुकवली नाही आणि चांगल्या तियात्राचं तिकीटही कधी सोडलं नाही. "विगार म्हणजे देव नव्हे," एवढंच ती म्हणते आणि पर्स शोधायला लागते.

मी वसईची. आमच्याकडे मिस्सा मराठीत, भजनं मराठीत, नाटकं मराठीत. तियात्र लग्नानंतर माझ्या आयुष्यात आलं, त्यामुळे या वादात मला दोन्ही बाजूंनी पंच समजतात. मुलांना न्यायचं की नाही, हा प्रश्न दर फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, सुमारास घरात येतो, आणि आमच्यासारख्या शेकडो घरांत येत असणार. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: जावं, मुलांना घेऊन जावं, आणि घरी येऊन भांडावं. मात्र आपण भांडतो ते चुकीच्या जागी. पाद्रीची टिंगल झाली का, हे आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो. ज्या टिंगलीनं आपल्या श्रद्धेला खरोखर बट्टा लागतो, तिच्यावर आपण टाळ्या देतो.

मराठी वाचकांपैकी बऱ्याच जणांनी तियात्र पाहिलेलं नसतं, म्हणून थोडं सांगते. कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाचं हे लोकप्रिय नाटक. सहा-सात पडद्यांची कथा, आणि पडदा पडला की पुढे येऊन गायक कांतारां, म्हणजे गाणी, म्हणतात. त्यांचा कथेशी काहीएक संबंध नसतो. सासू-सुनेचं रडकं नाट्य ऐन रंगात आलेलं असताना मध्येच कोणी येऊन मंत्र्याच्या भ्रष्टाचारावर कांतार म्हणतो, बँड साथीला असतोच, आणि सभागृह 'वन्स मोअर'नं दणाणतं. नाट्यशास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही. संगीत नाटकात मरणाच्या दारात असलेला नायक तीन वेळा तेच पद म्हणायचा ते ज्यांना चाललं, त्यांनी याला नावं ठेवू नयेत.

पहिलं तियात्र झालं ते गोव्यात नव्हे, मुंबईत. १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझिन्यो रिबेरो आणि मंडळींनी 'इटालियन भुर्गो' सादर केलं. मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीचे खेळ पाहून रिबेरोंना ही कल्पना सुचली. त्यांच्यासोबत होते मडगावच्या बोर्ड्याचे जुआंव आगुस्तिन फर्नांडिस, ज्यांना पुढे तियात्राचे जनक म्हणून मान मिळाला. तो दिवस ईस्टरचा रविवार होता. चाळीस दिवसांचा उपासकाळ संपलेला, मांसाहार सुरू झालेला, नवे कपडे अंगावर, आणि धोबीतलाव-माझगावच्या बाजूला कुडींत राहणारे खलाशी, आचारी, वाजंत्री सुट्टीवर. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावानं मुंबईत आपल्या माणसांसाठी काढलेलं वसतिगृह. जहाजावर चढण्याआधी आणि उतरल्यावर पेटी ठेवायची जागा. तिथे संध्याकाळच्या रोझरीला हजर राहणं नियमात होतं. रोझरीनंतर पत्ते आणि गाणी यांना फारशी मनाई नव्हती. श्रद्धा आणि करमणूक एकाच खोलीत, फक्त वेळा वेगळ्या. तियात्र याच माणसांनी, याच माणसांसाठी केलं. त्याचं वेळापत्रकसुद्धा चर्चचंच राहिलं: गावाचं फेस्त आलं की तियात्र आलं, उपासकाळ आला की हंगाम थंडावतो आणि जे प्रयोग होतात ते बहुतेक धार्मिक कथांचे.

आणखी एक गंमत आहे. तियात्र जन्मलं तेच 'सभ्य कुटुंबाला पाहता येईल असं काहीतरी हवं' म्हणून. त्याआधी मुंबईतले गोवेकर 'जागर' आणि 'खेळ' ही जुनी लोकनाट्यं करत, आणि त्यांतल्या अचकट-विचकट विनोदाला सुशिक्षित मंडळी नाकं मुरडत. म्हणजे माझ्या नणंदेला जी शंका तियात्राबद्दल येते, तीच शंका जागराबद्दल येऊन तियात्र उभं राहिलं. उद्या तियात्राऐवजी आणखी काही शुद्ध काढलं, तर तीस वर्षांनी त्याच्याही बाबतीत कोणी तोंडाला पदर लावेल.

जुनं मनाई करून बंद पाडायचा प्रयत्न गोव्यात झालेला आहे, आणि त्याचं काय झालं तेही आपल्यासमोर आहे. इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयानं, १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानानं नवख्रिस्ती घरांतल्या लग्नाच्या ओव्या, गाणी, कितीतरी रीती गुन्हा ठरवल्या. तरी शिवोलीचा जागर आजही होतो, आणि हिंदू व ख्रिस्ती दोघे मिळून तो करतात. ते फर्मान काढणारं इन्क्विझिशन १८१२ मध्ये मोडीत निघालं. त्याच चर्चमध्ये शहाणी माणसंही होती. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच ही तक्रार आली आहे की आमची पुराणं तुम्ही काढून घेतलीत, मग आम्हाला दुसरं पुराण द्या. त्यांनी ते दिलं. ओवीबद्ध, मराठीत, १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलच्या छापखान्यात छापून. माणसांची कथेची भूक मनाईनं भागत नाही, हे त्या इंग्रज जेझुइटाला चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

नणंदेच्या बाजूनंही परंपरा आहे, ती लपवणार नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं ख्रिस्ती लोकांनी नाटकं आणि खेळ अजिबात पाहू नयेत म्हणून आख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळी रोमच्या रिंगणात माणसं मारली जात, हे ध्यानात घेतलं तर त्याचा त्रागा समजतो. पण त्याच रोमची दुसरी आख्यायिका संत जेनेसियसची. तो नट. ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्म्याची थट्टा करणारं प्रहसन सम्राट डायोक्लेशनपुढे करत होता, आणि थट्टेत डोक्यावर पाणी पडताच त्याचा खरोखरच विश्वास बसला. शिरच्छेद झाला, संतपद मिळालं, आणि आज तो नटांचा आश्रयदाता संत आहे. कथा किती खरी ते इतिहासकार पाहतील. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे की चर्चनं ही कथा जपून ठेवली. बाप्तिस्म्याची टिंगल करणाऱ्या प्रहसनातूनही देव माणसापर्यंत पोचतो असं ज्या चर्चनं शिकवलं, त्या चर्चच्या लेकरांनी विगाराच्या लटपटत्या चालीची नक्कल पाहून घाबरावं?

आणि मराठी माणसाला तर हे कोणी शिकवायलाच नको. तमाशाच्या गौळणीत मावशी साक्षात कृष्णाची अशी फिरकी घेते की बास. दशावतारात संकासुर येऊन वाट्टेल ते बोलतो. प्रयोग देवळाच्या आवारात, नारळ फोडून, आणि पहाटेपर्यंत समोर बसलेल्या म्हातारीचा देवावरचा विश्वास तसूभरही हलत नाही. गावकऱ्याला ठाऊक असतं की टिंगल करता येते ती आपल्याच माणसाची.

नेमकी इथेच एक खरी अडचण आहे, तिला बगल देणार नाही. तियात्रातला विगार आपल्या माणसानं, आपल्या भाषेत, आपल्यासमोर रंगवलेला असतो. हिंदी सिनेमातला आणि पुष्कळदा मराठी मालिकेतला ख्रिस्ती माणूस तसा नसतो. तो दारू पिऊन झिंगलेला, 'अपुन' करत मोडकं बोलणारा, नाहीतर खलनायकाच्या अड्ड्यावर बसलेला. देशात आपण २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरात दोन-सव्वादोन, महाराष्ट्रात एक, आणि गोव्यात सुद्धा चारांत एक. शंभरातल्या एकाला बाकीचे नव्व्याण्णव फक्त पडद्यावरच भेटत असतील, तर ती नक्कल बोचते. वसईत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलांना कॉलेजात 'तू मराठी छान बोलतेस हं' असं ऐकवलं जातं. त्यामागे हीच पडद्यावरची चित्रं असतात. त्यामुळे 'विनोद आहे, सोडून द्या' असं सरसकट मी म्हणणार नाही. विनोदानं राग यावा. राग आला की लिहावं, बोलावं, निर्मात्याला जाब विचारावा, तिकीट काढू नये.

फक्त पोलीस ठाण्यात जाऊ नये. तिथे आपण सारखे चुकतो. केरळातल्या कोट्टायममध्ये मेरी रॉय यांच्या शाळेतली मुलं १९९० मध्ये 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे संगीत नाटक करणार होती. त्यात येशूची गोष्ट त्याचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्या नजरेनं दिसते, आणि क्रूसावर संपते, पुनरुत्थान नाही. श्रद्धावंताला ते अपुरं वाटणारच, मलाही वाटतं. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रयोग बंद केला. याच मेरी रॉय यांनी चार वर्षांआधी, १९८६ मध्ये, सिरियन ख्रिस्ती मुलींना बापाच्या मालमत्तेत समान वाटा मिळवून देणारा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला होता, त्यामुळे समाजात त्यांच्यावर दात ठेवणारे कमी नव्हते. बंदी शेवटी सर्वोच्च न्यायालयातच उठली, २०१५ मध्ये. पंचवीस वर्षांनी. ज्या मुलांना ते नाटक करायचं होतं ती तोवर चाळिशीकडे झुकली होती. आणि त्याच २०१५ मध्ये मुंबईत 'ॲग्नेस ऑफ गॉड' या नाटकावर बंदी घाला म्हणून आपल्याच संघटना सरकारदरबारी गेल्या. एका तरुण जोगिणीला (ननला) झालेलं मूल आणि त्याचा मृत्यू, असा विषय. नाटक जड, दुःखी, आणि मुलांना न्यावं असं अजिबात नाही. पण मी ते पाहावं की नाही हे ठरवण्याचा माझा अधिकार माझ्या नावानं तक्रार करणाऱ्यांनी काढून घ्यायला निघावं, हे मला त्या नाटकापेक्षा जास्त झोंबलं. दुखावलेल्या भावनांचं जे हत्यार आपण वापरतो, ते उद्या आपल्या नाताळच्या नाटिकेवर, आपल्या प्रार्थनासभेवर चालवलं जातं, हे आता कोणाला समजावून सांगायची गरज उरली आहे का?

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते.

काही काळापूर्वी आम्ही घरचे सगळे एका तियात्राला गेलो होतो. नाव घेत नाही, कारण दोष त्या एका मंडळीचा नाही. कथा भावाभावांतल्या घराच्या वाटणीची. विगार मध्यस्थी करायला येतो आणि दोन्हीकडून जेवून जातो, असा एक प्रवेश. नणंदेला आग्रह करून नेलं होतं. तिनं त्या प्रवेशाला मान खाली घातली. पुढच्या पडद्यात विनोदी नट आला. लुंगी वर खोचलेली, तोंडाला काळं फासलेलं, खांद्यावर मळका टॉवेल, डोक्यावर सिमेंटचं घमेलं. घाटावरून आलेला बांधकामावरचा मजूर, म्हणजे तिकडच्या बोलीत 'घांटी'. तो कोकणीत मराठी कालवून मोडकं बोलला, की हशा. मालकिणीनं त्याला दुरून पाणी ओतलं, ओंजळीत, की हशा. मग त्याची बायको म्हणून एक पुरुष नट लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन आला आणि सभागृह अक्षरशः कोसळलं. माझी मुलगी हसली. सासू हसली. नणंदही हसली, मान वर करून.

मी घाटाच्या खालची, पण भाषा तीच जी त्या नटानं वेडीवाकडी करून दाखवली. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी हसता हसता माझ्या मांडीवर टाळी दिली. त्यांना काय माहीत.

घरी परतताना गाडीत चर्चा कशाची झाली? विगाराच्या जेवणाची. ते दाखवायला हवं होतं का, मुलांवर काय परिणाम होईल, फादरांना कळलं तर काय म्हणतील. ओंजळीत ओतलेल्या पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न दिलेले आहेत. भुकेल्याला खायला दिलंस का, तान्हेल्याला पाणी दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का. विगाराचा मान राखलास का, हा प्रश्न त्या यादीत नाही. नाटकाला श्रद्धेच्या तराजूत तोलायचंच असेल, तर वजनं तिथली घ्यावीत, असं मला वाटतं. देवाची, धर्मगुरूंची, पोपची टिंगल देव सहन करू शकतो. त्याला वधस्तंभाखालच्या शिपायांचीही सवय आहे. मजुराला, मोलकरणीला, तोतऱ्या माणसाला, तृतीयपंथीयाला पाठीराखा नाही. आणि सभागृहात त्यांच्यावर हसणारे आपण, सकाळी मिस्सेला जाऊन आलेले.

हे म्हणणं तियात्राविरुद्ध नाही. तियात्रालाच याचं भान सर्वांत आधी होतं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर राहून राबणाऱ्या मुंडकाराची बाजू या रंगमंचानं मांडली, चर्चच्या बाकावर भाटकार पुढे आणि मुंडकार मागे बसत होता त्या दिवसांत. १९०४ च्या 'भाटकारा' या तियात्रात रेजिना फर्नांडिस रंगमंचावर आल्या, स्त्रीची भूमिका स्त्रीनं करायला. त्या जुआंव आगुस्तिन यांच्या पत्नी. मराठी रंगभूमीवर तेव्हा बालगंधर्व अजून यायचे होते. १९६७ च्या जनमत कौलाआधी गावोगाव फिरून गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध कांतारां म्हणणारे तियात्रिस्तच होते. आम्हा मराठी मंडळींना ते तेव्हा गोड लागलं नसेल, पण रंगमंचात किती दम होता ते त्यावरून कळतं. आजही गोव्यात एखाद्या मंत्र्याचं नाव घेऊन भर सभागृहात बोलायचं धाडस कांतारकारच करतो. एवढी ताकद असलेला रंगमंच विनोद सुचेना म्हणून मजुराच्या तोंडाला काळं फासतो, तेव्हा ती निव्वळ आळशीपणाची खूण असते. आणि आपण हसतो म्हणून तो आळस खपतो. तिकीट काढणाऱ्याला यात हात झटकता येणार नाहीत.

मुलांबद्दल नणंद एक गोष्ट बरोबर बोलते: दुहेरी अर्थाचे विनोद आठ वर्षांच्या पोरापुढे नकोत. मान्य. त्यासाठी आधी कोणी पाहिलंय त्याला फोन करून विचारता येतं, आमच्या घरी सासूच्या मैत्रिणी हे काम चोख करतात. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला न नेण्यात मला शहाणपण दिसत नाही. तिच्या हातातल्या फोनवर तिला काय दिसतं ते मला कधीच कळणार नाही. तियात्रात निदान ती माझ्या शेजारी बसलेली असते. त्या रात्री मी तिला एकच विचारलं, तू केव्हा जास्त हसलीस. ती विचार करून म्हणाली, "घमेल्यावाला पडला तेव्हा." मग जरा थांबून, "आपल्या बिल्डिंगच्या कामावरचे काका असेच बोलतात ना?" पुढे आमचं अर्धा तास बोलणं झालं. इतकं बोलणं धर्मशिक्षणाच्या तासानं वर्षभरात घडवलं नव्हतं.

आमच्या भागातल्या चर्चच्या सभागृहाच्या समितीवर मी आहे. नाटकाला हॉल द्यायचा तर आधी संहिता मागवायची आणि धर्माची विटंबना नाही ना एवढं पाहायचं, अशी तिथली रीत आहे. गेल्या बैठकीत मी सुचवलं की ही अट काढून टाका. संहिता वाचायची नको, हॉल सगळ्यांना द्या, मात्र प्रयोगानंतर अर्धा तास मंडळीला थांबवा आणि प्रेक्षकांना बोलू द्या. ज्याला विगाराची नक्कल खटकली त्यानं तसं म्हणावं, मला मजुराची खटकली तर मी म्हणेन, आणि कलाकारांनी उत्तर द्यावं. फादरांना कल्पना आवडली. समितीतल्या दोघांनी विचारलं, त्या अर्ध्या तासाचं विजेचं बिल कोणी भरायचं. ते अजून ठरायचं आहे.